नाव सांगा

टीव्हीच्या पडद्यावर ‘नाव सांगा’ अशी अक्षरं उमटली आणि सायरकानने रिमोट सोफ्यावर टाकून दिला. अक्षरांखाली एक निळा गोल लहानमोठा होत राहिला, कान देऊन बसल्यासारखा, आणि काहीच ऐकू येईना तेव्हा विझला. सकाळपासून ही पाचवी खेप. चौसष्ट वर्षांच्या बाईला तिच्याच घरात, तिच्याच सोफ्यावर एका डबड्याने दरडावून विचारावं, की काय हवंय ते नाव घेऊन सांग! तिला इतका संताप आला की चहात दूध घालायचंही ती विसरली आणि तसाच काळा, कडू चहा घोटाघोटाने पीत बसली. काल संध्याकाळी मेदेरबेकने, तिच्या मुलाने, ही काळी डबी टीव्हीच्या मागे चिकटवली तेव्हा त्याच्या तोंडावरून कौतुक नुसतं ओसंडत होतं. “आपा, आता फक्त नाव घ्यायचा अवकाश. जगातलं काहीही येतं. जुन्या स्टुडिओचे सगळे पिक्चर आणून टाकलेत यात, रंग नव्हते तेव्हाचेसुद्धा. आणि आता याला किरगिझ पण कळायला लागलंय. बटण दाब, नाव घे, की हजर. मग ती केबल हवी कशाला आपल्याला?” बोलून सांगता आलं असतं तर काय हवं होतं!

आणि निवांतपणे विचार करायलाही कोणी वेळ देईल तर शपथ. बिश्केकच्या दक्षिणेकडच्या वसाहतीतली ही नऊमजली इमारत, तिला यंदा कधी नव्हे तो रंग लागत होता. रंगारी गच्चीवरून दोर सोडून भिंतीवर लोंबकळत होते, उघड्या खिडकीतून पॉप्लरचा कापूस आणि चुन्याचा वास एकदमच आत येत होता, आणि तीस वर्षांत भिंतीभर माजलेल्या केबलच्या तारा आज उतरवायच्या होत्या. ज्यांना केबल हवी त्यांची तार परत जोडणार, ज्यांना नको त्यांची कापणार, आणि एकदा कापली की कापली. सकाळी नऊलाच इमारतीची कारभारीण रिम्मा पावलोव्हना वही घेऊन दारात उभी होती. “चौतीस नंबर, ठेवायची की काढायची? एक शब्द सांगा बाई, मला अजून चाळीस दारं वाजवायचीत.” सायरकान म्हणाली, “मुलाला विचारते.” “त्याला विचारून झालं. तो म्हणतो, आईला विचारा, तीच दिवसभर बघते. तुमच्या घरात कोणी काही ठरवतं की नाही? बारा वाजता तारा कापणारा माणूस तुमच्या खिडकीशी येईल हातात पक्कड घेऊन. त्याच्या आत सांगा.” जाता जाता वहीवर बोट ठेवून तिने सायरकानचं आडनाव खणखणीत आवाजात वाचलं आणि विचारलं, “ह्या तुम्हीच ना?” सायरकानने नुसती मान हलवली.

आडनावाचंही तेच दुखणं होतं. ते सासऱ्यांच्या नावावरून पडलेलं. आणि सासऱ्यांचं नाव सायरकानने पंचेचाळीस वर्षांत एकदाही उच्चारलं नव्हतं. दवाखान्यात नाव विचारलं की ती पासपोर्ट पुढे करायची. एकदा एक नर्स वैतागून म्हणाली होती, “तोंड नाही का तुम्हाला?” तोंड होतं, आणि त्या तोंडाला एकोणिसाव्या वर्षी एक कुलूप बसलं होतं. लग्न होऊन नारीनच्या डोंगरात गेली त्या पहिल्याच सकाळी सासूने तिला चुलीपाशी बसवून एकेक नाव हळू आवाजात सांगितलं: सासऱ्यांचं, त्यांच्या दोघा भावांचं, थोरल्या दिराचं. “ही चार नावं आता ऐकलीस ती शेवटची. केलिनच्या, घरच्या सुनेच्या, तोंडात ती यायची नाहीत. त्या नावाचा दुसरा कुठला शब्द असेल तर तोही नाही.” बाकीच्या तीन नावांचं काही अडलं नाही. सासऱ्यांच्या नावाने मात्र वाटच अडवली, कारण त्या नावाचा अर्थ होता मेंढा, आणि घर होतं मेंढपाळाचं. सहाशे मेंढरांच्या घरात मेंढ्याला मेंढा म्हणायची सोय नाही! ती त्याला शिंगवाला म्हणायला लागली. पहिल्याच आठवड्यात एक मेंढा ओढ्यात घसरला आणि ती ओरडत सुटली, “शिंगवाला पडला! शिंगवाला वाहून चालला!” तंबूतून सासरे धावत बाहेर आले. त्यांना वाटलं आपल्यालाच कोणी काही म्हणतंय. मग पोट धरधरून हसले. हसले तरी नाव घे म्हणाले नाहीत. चांगला माणूस होता, पण रीत म्हणजे रीत. ते नाव आपणही इथं घ्यायला नको, ती समोर बसली आहे.

आणि तिला हवा असलेल्या चित्रपटाचं नाव तेच होतं. नुसतं तेच, पुढे मागे काही नाही. तिच्या लग्नाच्या वर्षीच्या उन्हाळ्यात शहरातून एक ट्रक कुरणावर आला होता, तीन दिवसांसाठी. उत्तम मेंढपाळ म्हणून सासऱ्यांवर वीस मिनिटांचा चित्रपट करायचा होता त्यांना. दोघं कॅमेऱ्याचे आणि एक लांब काठीला केसाळ टोपी बांधून फिरणारा. त्या टोपीत आवाज जातो, असं जानिशने तिला सांगितलं होतं. जानिश तिचा नवरा, तेव्हा बावीस वर्षांचा, आणि कॅमेरा बघितला की ताठ होऊन उभा राहणारा. शेवटी कॅमेरावाला चिडून म्हणाला, “अरे, खांब आहेस का? काहीतरी कर, कोणाला तरी हाक मार.” आणि त्या वेड्याने, बाप चार हातांवर खोगिरावर बसलेला असताना, तंबूकडे तोंड करून हाक मारली: “सायराऽ! कुमिस आण गं!” बायकोला नावाने, थोरल्यांच्या देखत! ती तंबूमागे घोडीच्या दुधाची पिशवी घुसळत होती. तिच्या हातातला दांडा थांबला. ओ द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. सासऱ्यांसमोर सुनेचा आवाज चढत नाही. तिने धाकट्या नणंदेच्या हाती वाडगा दिला आणि पाठ फिरवून घुसळत राहिली. दुपारी घोड्याचा पट्टा आवळता आवळता त्याने विचारलं होतं, “ओ का नाही दिलीस?” “थोरले होते ना समोर.” “आता नाहीत. आता दे.” तिला हसू आलं आणि ती मोगरी घेऊन ओढ्यावर पळाली. पुढे त्याने तिला नावाने हाक मारलीच नाही. बापाने दोन शब्द सुनावले असतील. आधी “ए, ऐकतेस का” होतं, मग “मेदेरची आई” झालं, आणि तेरा वर्षांपूर्वी तो गेला तोवर तेच राहिलं. फोटो पुष्कळ आहेत. आवाज कुठेच नाही, त्या एका हाकेशिवाय.

म्हणून ते अठ्ठावीस नंबरचं चॅनल. केबलवर नारीनचं एक रडकं चॅनल लागतं. त्यात वाढदिवसांच्या गाण्यांच्या फर्माइशी, हरवलेल्या घोड्यांच्या जाहिराती, कोणाच्या वर्षश्राद्धाचं आमंत्रण आणि गवताच्या गंज्या. त्यांच्याकडे दाखवायला काही उरलं नाही की ते जुने चित्रपट लावतात, कुठला ते न सांगता, कधी ते न सांगता. त्यात कधीतरी हा येतो. वर्षातून एकदा, कधी दोन वर्षांतून. म्हणून टीव्ही दिवसभर चालू, आवाज बारीक, आणि सायरकान कणीक मळताना, कपडे घड्या करताना एक कान तिकडे ठेवून. मुलगा चिडवायचा, “आपा, तो तांबडा घोडा तू आठवडाभर बघतेयस. सापडलासुद्धा असेल तो!” तिला तोंडावर म्हणावंसं वाटे, गाढवा, तुझ्या बापाची वाट बघतेय. पण कसं म्हणणार? तुझा बाप मला हाक मारतो ती ऐकायला मी बसते, हे बत्तीस वर्षांच्या मुलाला सांगायची तिला लाज वाटायची. आणि लाज गिळून सांगायला गेलं तरी पुढचा प्रश्न ठरलेला: कुठला पिक्चर? नाव काय? झालं, तिथे गाडी अडायची.

आणि इतकी वाट बघून पदरात काय पडलं? तेरा वर्षांत चित्रपट सात वेळा लागला. एकदा दारावरची घंटा वाजली. एकदा वीज गेली, नेमकी मेंढरं पाणी ओलांडत असताना. एकदा तिला झोप लागली होती आणि जाग आली तोवर शेवटची लोकर कातरायला सुरुवात झाली होती. त्या दिवशी तिने स्वतःच्या गालात मारून घेतली. पण केबलची एक गोष्ट तिला आवडायची. तिथे मागावं लागत नाही. आपण बसायचं, आणि जे यायचं ते येतं. आयुष्यात तिला जे जे मिळालं ते असंच, न मागता आणि कोणाचं नाव न घेता मिळालं. मागायची वेळ आली तेव्हा तिने नुसतं बाजूला उभं राहून वाट बघितली. ही नवीन डबी मात्र वाट बघू देत नाही. तिच्यात सगळं आहे, हाताच्या अंतरावर, आणि ती मख्खपणे विचारते: नाव?

सकाळी तिने पळवाट काढून बघितली होती. नाव बोलायचं नाही, पण लिहायला कुठे बंदी आहे? चष्मा चढवून ती पडद्यावरच्या अक्षरांच्या मागे बाण दामटत बसली. बाण एक घर जा म्हटलं की तीन घरं जायचा. दुसऱ्या अक्षरावर तिच्या लक्षात आलं की आपले ओठ हलताहेत. शाळेत तशीच वाचायला शिकलेली ती, ओठ हलवल्याशिवाय अक्षर लागत नाही. तिने ओठ दातांखाली धरले. तिसऱ्या अक्षराला डबीने आगाऊपणा केला, स्वतःच उरलेला शब्द ठरवला आणि फुटबॉलचा सामना लावला. बावीस माणसं हिरवळीवर धावायला लागली. सायरकानने कपाळाला हात लावला.

शेवटी तिने सुनेला हाक मारली. मीरिम पलीकडच्या खोलीत ओव्हरलॉकच्या मशीनवर बसलेली असते. बाजारातला व्यापारी ब्लाउजच्या बाह्या आणून टाकतो आणि ती दिवसभर त्या घरघरत शिवते. मुलगी शहरातली, मोकळी. बाल्कनीतून सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशी ओरडते, “मेदेऽर! ए मेदेर! येताना नान घेऊन ये!” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सायरकानच्या अंगावर काटा आला होता. नंतर राग यायला लागला. रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं, त्याला ती हेवा म्हणायला तयार नव्हती. कोणी तिला चुलीपाशी बसवलं नाही, कोणी तिचे शब्द काढून घेतले नाहीत. सायरकाननेच बसवलं नाही. मग आता राग कोणावर?

“बोला आपा, काय लावायचंय?” मीरिम दोऱ्यांनी भरलेल्या अंगाने येऊन उभी राहिली.

“तो... थोरल्यांचा पिक्चर.”

“कोण थोरले?”

“आपले थोरले. तुझ्या नवऱ्याचे आजोबा.”

“त्यांच्यावर पिक्चर आहे?” मीरिमचे डोळे मोठे झाले. “मला कोणी बोललंच नाही! नाव काय?”

“शिंगवाला,” सायरकान म्हणाली. दुसरं काही तोंडात आलंच नाही.

मीरिमने बटण दाबलं आणि लाडात येऊन रिमोटला सांगितलं, “शिंगवाला!” पडद्यावर लाल डोळ्यांचा एक राक्षस आला, त्याच्या शेजारी शिंगं लावलेली एक उघडी बाई, आणि खाली हरणाच्या पाडसाचं कार्टून. मग मीरिम खो खो हसत सुटली. “आपा, हे आपले आजोबा?” तिने हसत हसत डोळे पुसले. “खरं नाव सांगा ना. मेदेरला विचारू का फोन करून?”

“काही नको. जा तू. बाह्या राहतील तुझ्या.” आवाज वाजवीपेक्षा कडक निघाला. मीरिमचं हसू मावळलं आणि ती गेली. पलीकडे मशीन पुन्हा घरघरायला लागलं. सायरकानला वाटलं, सगळं उचलून खिडकीतून फेकून द्यावं, डबी, रिमोट, ते राक्षस. ठेव म्हणावं केबल. वाट बघू आणखी दोन वर्षं. पण दोन वर्षांनी ते चॅनल तरी राहणार का? आणि आपण? गेल्या वर्षी चित्रपट लागलाच नव्हता, आणि जानिशचा आवाज कसा होता ते आता तिला नीट आठवत नव्हतं. हाकेतले शब्द आठवत होते. आवाज आठवायला गेली की मेदेरबेकचाच आवाज यायचा. ही गोष्ट तिने कोणालाच सांगितली नव्हती.

घड्याळात साडेअकरा झाले होते. खिडकीबाहेर वरच्या मजल्यावरून दोर हलत होता. मशीनचा आवाज अखंड चालू होता आणि त्या आवाजातच तिला सुचलं. या घरघरीत कोण ऐकतंय? भिंतीपलीकडे काही जायचं नाही. सासू गेली, सासरे गेले, थोरला दीर गेला. ऐकणारं एक यंत्रच, आणि यंत्र काही केलिनचं नातेवाईक नव्हे. तिने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला, रिमोट तोंडाशी नेला आणि ते नाव घेतलं. कुजबुजत, खोकल्यासारखं, यंत्रापुरतं. जीभ काळी पडली नाही. पडद्यावर नाव मात्र वीतभर अक्षरांत उमटलं, जसं काही तिने भिंतीवर लिहिलं. खाली एकच चौकट आली, करडी, आणि त्या चौकटीत सासरे खोगिरावर बसून तिच्याकडे बघत होते.

एवढ्यावर भागलं! पंचेचाळीस वर्षं सांभाळलेली गोष्ट, आणि यंत्राला तिचं काहीसुद्धा वाटलं नाही. तिने बटण दाबलं. ट्रकची धूळ, डोंगर, मेंढरं पाण्यात उतरली. निवेदक पडद्यावर दिसत नव्हता, पण तो काहीतरी सांगतोय एवढं कळलं. मशीनच्या घरघरीत शब्द बुडून जात होते. ती पुढे सरकली, मग उठून टीव्हीला कान लावून उभी राहिली. आवाज वाढवायचं बटण शोधेपर्यंत सासऱ्यांनी दाढी कुरवाळली आणि तो आला. तो. केवढा पोरसवदा! मेदेरबेकहून दहा वर्षांनी लहान. त्याने तंबूकडे मान वळवली, तोंड उघडलं, छाती फुगली. पलीकडे मीरिमने एक लांबलचक शिवण एका दमात ओढली. त्याचं तोंड मिटलं. वाडगा घेऊन नणंद आली. मेंढरं, कात्री, लोकर. सायरकान पडद्याला कान लावून तशीच उभी होती. मागे न्यायचं म्हणून तिने जे बटण दाबलं त्याने चित्रपट पार बंद झाला आणि पुन्हा निळा गोल आला. नाव सांगा.

म्हणजे हे असं होतं. मशीन चालू, तर नाव चोरून घेता येतं आणि हाक ऐकू येत नाही. मशीन बंद, तर हाक ऐकू येणार, पण नाव सुनेच्या कानावर घालावं लागणार. तिच्या तोंडावर, जिला आपण रीत शिकवली नाही म्हणून तीन वर्षं धुसफुसतोय तिच्यासमोर. रडू यावं असं काही नव्हतं, पण तिला रागाने रडू आलं. कोणावर रागवायचं ते मात्र ठरेना: सासूवर, त्या काठीवाल्यावर, की जानिशवर. मेल्या, एकदा एकांतात मारली असतीस हाक! दारावरची घंटा वाजली.

“मीरिम,” ती ओरडली. “मशीन बंद कर!”

“दोनच बाह्या राहिल्यात, आपा.”

“बंद कर म्हटलं ना. आणि दार उघड.”

मशीन थांबलं. घर एकदम इतकं शांत झालं की बाहेर भिंतीवर दोर घासल्याचं ऐकू यायला लागलं. रिम्मा पावलोव्हना वहीसकट आत आली. “काय ठरलं चौतीस नंबरचं? तो माणूस तुमच्या खिडकीशी येऊन टेकलाय.”

“काढा,” सायरकान म्हणाली.

“नक्की? नंतर माझ्या नावाने खडे फोडाल.”

“काढा म्हटलं. आणि दोघी जरा गप्प उभ्या राहा.”

तिने रिमोट उचलला. दोन्ही हातांनी घट्ट धरला. पडद्यावर पुन्हा ते दोन शब्द, तो गोल. मीरिम दारातून तिच्याकडे बघत होती, हातात अर्धी बाही. सायरकानने तिच्याकडे पाहिलं, डोळे खाली न घालता.

“कोचकोरबाय,” ती म्हणाली. ठणठणीत, एकदाच.

“अय्या!” मीरिमने बाही तोंडावर धरली. “आपा, तुम्ही चक्क...”

“गप्प. ऐक.”

धूळ, डोंगर. मेंढरं पाण्यात उतरली आणि आता पाण्याचाही आवाज होता, कुत्र्याचाही. आपल्यालाही पाणी इतकं जवळून ऐकू येत असे, हे ती विसरूनच गेली होती. सासरे खोगिरावर बसले होते, करड्या दाढीवर हात, आणि ती त्यांच्याकडे सरळ बघत होती. मीरिम कधी येऊन शेजारी बसली ते तिला कळलं नाही. रिम्मा पावलोव्हनाही वही छातीशी धरून उभी राहिली होती. तो आला. खांबासारखा ताठ. मग कोणीतरी दटावल्यासारखी त्याने मान वळवली, छाती भरून घेतली, आणि आवाज आला. मेदेरबेकसारखा नव्हताच तो. जरा फाटका, मिसरूड नुकतं फुटलेल्या मुलाचा, शेवटी चिरकणारा.

“सायराऽ!”

“ओऽऽ!” सायरकानने एवढ्या मोठ्याने ओ दिली की खिडकीबाहेर दोरावर बसलेल्या माणसाने तारेला लावलेली पक्कड तशीच धरून आत वाकून बघितलं.